घंटीसुद्धा सायकलच

पोटकलमरावांना अभिमान वाटावा अशा गोष्टी आयुष्यात दोनच होत्या. एक त्यांचं हस्ताक्षर आणि दुसरा नियम क्रमांक सत्तेचाळीस. हस्ताक्षराचं कौतुक कचेरीत संगणक आले त्याच वर्षी संपलं. नियम मात्र अजून मार्गावरच्या एकूण एक स्टेशनात, तिकीट खिडकीच्या उजव्या बाजूला, काचेच्या चौकटीत टांगलेला होता. राव कुठल्याही स्टेशनात उतरले की आधी त्याच्यासमोर दोन मिनिटं उभे राहत. लोक आरशासमोर उभे राहतात तसे. काच धुळकट असली तर रुमालाने पुसतही.

पोटकलमराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. रेल्वेच्या मुख्य कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, नियम शाखेत ते एकतीस वर्षं मसुदे लिहीत होते. साधा 'थुंकू नये' एवढा मजकूर त्यांच्या टेबलावरून गेला तरी परतताना त्याला चार पोटकलमं फुटलेली असत. त्यात खुर्चीत बसून बसून त्यांच्या पोटानेही स्वतंत्र अस्तित्व मिळवलं होतं. नाव कोणी ठेवलं ते कळलं नाही. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा ते रागावले. मग कोणीतरी मागे 'राव' जोडलं, तेव्हा निवळले.

सत्तेचाळिसाव्या नियमाची जन्मकथा अशी, की अकरा वर्षांपूर्वी एका बड्या अधिकाऱ्याची विजार गाडीत कोणाच्या तरी सायकलच्या पायडलमध्ये अडकली आणि गुडघ्यापर्यंत उसवली. दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला, गाडीत आणि फलाटावर सायकल बंद. दुसऱ्या कोणी एका ओळीत काम उरकलं असतं. राव तीन आठवडे त्या ओळीवर बसले. दुपारी डबा खाताना ते मनाने सायकलवाले होत आणि स्वतःच्याच नियमातून निसटायला बघत. सायकल घडी करून नेली तर? पोटकलम ख. गोणपाटात गुंडाळली तर? पोटकलम ग. खोलून सुट्या भागांत नेली तर? इथे राव गालात हसले, आणि पोटकलम घ कागदावर उतरलं. सायकलचा कुठलाही एक भाग जवळ असला की ती संपूर्ण सायकलच. जाळं एवढं बारीक विणलं की पुढे कधीतरी मासा म्हणून आपणच त्यात येऊ, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग एके दिवशी ताईचा फोन आला.

ताई रावांहून आठ वर्षांनी मोठी. टेलिफोन कचेरीत ऑपरेटर होती, निवृत्त होऊन मार्गाच्या अगदी शेवटच्या स्टेशनाजवळ दोन खोल्यांत एकटीच राहत होती. तिथून वाचनालय दीड किलोमीटर, बाजार त्याच्याही पुढे. अलीकडे गुडघ्याने असहकार पुकारला होता. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, सायकल चालत असेल तर चालवा, गुडघ्यावर भार येत नाही.

"माझी ती हिरवी सायकल आहे का रे अजून तुझ्याकडे?" ताईने विचारलं.

आता ही हिरवी सायकल. ताईने पहिल्या पगारातून घेतलेली, बायकांची, वाकड्या दांड्याची. राव तेव्हा शाळेत होते. ताई त्यांना कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायची आणि वाटेत घंटीची एक बाराखडी तिने ठरवून दिली होती.

एक टिंग पोचलो, दोन टिंग वळलो,
तिसरी टिंग वाजली तर दोघंही पडलो.

दोन टिंग ऐकले की बारक्याने ताईची कंबर घट्ट धरायची. तिसरी टिंग फक्त एकदा वाजली होती, आणि तिची खूण रावांच्या कोपरावर अजून आहे. पुढे रावांना नोकरी लागली तेव्हा त्यांनी ती सायकल दोन दिवसांसाठी मागून आणली. त्या दोन दिवसांना या पावसाळ्यात एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षं राव बायकांच्या सायकलवर बसून, पाठीचा कणा ताठ ठेवून कचेरीत जात होते, आणि ताईने एकदाही विषय काढला नव्हता.

"आहे ना, आहे तर," राव म्हणाले. "रविवारी आणून देतो."

"नाही जमलं तर राहू दे हं," ताई म्हणाली.

हे वाक्य रावांना लागलं. ताईने आयुष्यात त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेव्हा ते मिळणार नाही याची तयारी ठेवूनच मागितलं. मागच्या दोन वर्षांत तिच्याकडे 'येतो, येतो' म्हणून आपण किती वेळा गेलो, हे त्यांनी मनात मोजलं. मोजायला फार वेळ लागला नाही.

"त्यांना तिकडेच नवी घेऊन द्या ना," बायको म्हणाली.

"तिने नवी मागितली नाही," राव म्हणाले.

पहिल्या रविवारी ते स्वतःच सायकलवर बसून निघाले. शेहेचाळीस किलोमीटर म्हणजे काय, रोज कचेरीत जाऊन येऊन सहा होतातच, आठवड्याभराचं काम एका दिवसात करायचं, असा त्यांचा बेत. बायकोने पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. ते परत आले तेव्हा त्यातली एक भरलेलीच होती. वस्तीबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जो रस्ता जातो तो बसमधून कधी चढ वाटला नव्हता. टाकीच्या सावलीत राव आधी बसले, मग आडवे झाले. एक कुत्रं आलं, त्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत हुंगलं आणि यात काही विशेष नाही असं ठरवून निघून गेलं.

"कुठवर पोचलात?" बायकोने विचारलं.

"टाकीपर्यंत."

"टाकीपर्यंत मी रोज फिरायला जाते," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

एक टेम्पोवाला ओळखीचा होता. तो म्हणाला, एका सायकलसाठी गाडी काढत नाही, पण त्या बाजूचा माल लागला की मागे टाकतो. पुढच्या आठवड्यात नक्की. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा म्हणाला, पुढच्या आठवड्यात नक्की. दर रविवारी संध्याकाळी ताईचा फोन यायचा आणि 'राहू दे' हे शब्द दर वेळी थोडे अधिक मऊ झालेले असायचे. ती चिडली असती तर रावांना सोपं गेलं असतं.

शेवटी राव पार्सल कचेरीत गेले. पार्सलबाबूंनी सायकलकडे बघितलं, मग रावांकडे, मग भिंतीवरच्या चौकटीकडे. "सत्तेचाळीस," ते म्हणाले.

"तो प्रवाशांसाठी आहे. ही पार्सल म्हणून जाऊ दे."

"ग वाचा. गुंडाळलेली, बांधलेली, खोक्यात घातलेली. पार्सल आणखी काय असतं?" पार्सलबाबू हळहळले. "ज्याने कोणी लिहिलाय ना, त्याला सायकलने कधीतरी जबर पाडलं असणार."

रावांनी कोपर झाकलं. "पण भावाने बहिणीला सायकल पोचवायची आहे. काही सवलत?"

"मी कोण सवलत देणारा. वर लिहून विचारतो. मुख्य कचेरीत, नियम शाखेत. ते काय म्हणतील तसं."

बुधवारी सकाळी ते पत्र त्यांच्याच टेबलावर आलं. 'एका अर्जदारास आपल्या भगिनीकरिता सायकल नेणे आहे. नियम ४७ मधून सवलत देता येईल काय, मार्गदर्शन व्हावे.'

त्या दिवशी राव डबा खायला उठले नाहीत. पत्र समोर ठेवून बसले. अर्जदाराची त्यांना खरोखर दया आली. कोण बिचारा असेल, बहिणीसाठी खटपट करतोय, असंही क्षणभर वाटून गेलं. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. दारात कोणी नव्हतं. पण पेन उचललं की हात आपोआप एकतीस वर्षांच्या सवयीने चालू लागायचा. दुपारी तीन वाजता त्यांनी बघितलं तर कागदावर, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, लिहून झालं होतं. 'भावनिक कारणास्तव सवलत दिल्यास पायंडा पडेल. सबब अर्ज नामंजूर.' खाली सही. दोन प्रती. एक पार्सल कचेरीला, एक अर्जदाराला.

शनिवारी पोस्टमनने अर्जदाराची प्रत घरी आणून दिली. बायकोने ती उघडली, वाचली, सही ओळखली. मग ती खुर्ची ओढून बसली आणि तिने रावांना समोर बसायला सांगितलं.

"हे तुम्ही तुम्हाला लिहिलंत?"

"कामाच्या जागी नातं मध्ये आणत नाही मी," राव म्हणाले.

"स्वतःशीसुद्धा?"

नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे ड्रॉइंगमास्तर साखर मागायला खाली आले होते, त्यामुळे सगळी हकिगत त्यांना कळली.

ड्रॉइंगमास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण सल्ला देण्यातून नव्हते. गळका नळ असो की मुलीचं लग्न, ते सगळ्यावर आधी एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून माप घ्यायचे. सायकलचंही त्यांनी तसंच माप घेतलं.

"नियम कशाचा आहे? सायकलचा. आपण सायकल नेतोय का? नाही. आपण चित्रं नेतोय," ते म्हणाले.

सायकल खोलायला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे दिली. त्याने पाना लावून बघितला आणि मान हलवली. "साहेब, हे नट तुमच्या लग्नाच्या आधीचे. निघतील, पण बोलतील." खरोखर, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे ते बोलले.

मग आठवडाभर मास्तरांच्या गॅलरीत विश्वनिर्मिती चालली. फ्रेमवर कापड ताणून त्यांनी डोंगर रंगवले, कारण फ्रेमचे त्रिकोण आयतेच डोंगराच्या आकाराचे होते. मागच्या चाकाला अर्धा कागद चिकटवून त्यांनी उगवता सूर्य केला आणि उघड्या राहिलेल्या तारा पिवळ्या रंगवल्या. पुढच्या चाकाचा चंद्र झाला. हँडल छत्रीच्या कापडात गेलं, सीट मास्तरांच्या झोळीत, पायडलं रावांच्या कोटाच्या दोन खिशांत. साखळी बायकोच्या डब्यात खालच्या खणात बसली, वरच्या खणात तिने आब राखायला पोळ्या ठेवल्या. घंटी तिच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळून.

"मी हे फक्त ताईंसाठी करतेय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

रविवारी सकाळी तिघं स्टेशनात गेले. फलाटाच्या तोंडाशी एक तिकीट तपासनीस बाई उभी होती, तिशीची, कानावर पेन्सिल अडकवलेली. तिने हात आडवा केला.

"हे काय?"

"डोंगर," ड्रॉइंगमास्तर म्हणाले. "प्रदर्शनाला चाललोय."

"मागची बाजू बघू."

"मागे दरी आहे."

तपासनीस बाईने डोकं तिरकं करून सूर्याकडे बघितलं. "आणि या तारा?"

"किरणं."

"चंद्रालासुद्धा?"

"पौर्णिमेचा आहे," मास्तर म्हणाले. रावांना वाटलं, या माणसाला नियम शाखेत घ्यायला हवा होता.

"छान आहेत," बाई म्हणाली. "डोंगर दाराजवळ ठेवू नका, कोणाला लागेल." आणि तिने हात खाली घेतला.

झालं होतं. काम फत्ते झालं होतं. लांब वळणावर गाडी दिसू लागली होती. चार पावलं टाकली असती की संपलं असतं. पण बाई बोलकी होती.

"एवढं विचारलं म्हणून राग मानू नका हं. लोक काय काय आणतात. आमचा सत्तेचाळीस नियम आहे ना, खात्याच्या परीक्षेला मी तो पाठ केला होता. बाकी सगळे विसरले, तो नाही विसरले. काय लिहिलाय हो ज्याने लिहिलाय त्याने."

राव थांबले.

बायकोने त्यांच्या कोटाची बाही ओढली. राव जागचे हलले नाहीत. एकतीस वर्षांत त्यांच्या मसुद्याला कोणी 'काय लिहिलाय' म्हटलं नव्हतं. म्हणजे पुष्कळांनी म्हटलं होतं, पण या सुरात नाही.

"त्यातलं घ तर ऐकाच," असं म्हणून बाई फलाटावर, सकाळच्या उन्हात, कविता म्हणावी तशी म्हणू लागली. "'सायकलची फ्रेम, चाक, हँडल, पायडल, साखळी अथवा सीट यांपैकी एकही वस्तू जवळ असल्यास ती वस्तू म्हणजे संपूर्ण सायकल गणली जाईल.'"

रावांच्या जिभेवर एक शब्द आला. त्यांनी तो गिळला. तो पुन्हा वर आला. बायको आता बाही ओढत नव्हती, चिमटा काढत होती. गाडी पुलावर आली होती.

"आणि घंटी," राव म्हणाले.

"काय?"

"साखळी, सीट अथवा घंटी. घंटी राहिली तुमची."

"घंटीसुद्धा?"

"घंटीसुद्धा सायकलच. तिच्यावर दोन दिवस घालवले होते मी."

"तुम्ही?"

"मीच लिहिलाय तो," राव म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी त्यांनी छाती पुढे काढली. कोट ताणला गेला. उजव्या खिशातून पायडल हळूच वर आलं, बाहेर डोकावलं आणि टप्पकन फलाटावर पडलं.

तपासनीस बाईने पायडलकडे बघितलं. मग छत्रीकडे. मग सूर्याकडे, चंद्राकडे आणि डोंगराकडे, या क्रमाने. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली.

"काका, तुम्ही?" ती म्हणाली.

गाडी आली, तिची दारं उघडली, मिटली, आणि ती निघून गेली. ड्रॉइंगमास्तर एक डोळा मिटून रुळांचं माप घेऊ लागले. बायकोने पर्समधून घंटी काढून रावांच्या हातावर ठेवली, डबा उघडला, वरच्या खणातली एक पोळी तपासनीस बाईला दिली, एक स्वतः घेतली, आणि सगळी हकिगत, गुडघ्यापासून नामंजूर अर्जापर्यंत, काही हातचं न राखता सांगितली. राव मध्ये मध्ये दुरुस्ती करायला गेले, पण त्यांना पोळी मिळाली नाही तशी बोलायची संधीही मिळाली नाही.

"मग छ मध्ये बसतं की," बाई पोळी संपवून म्हणाली.

"छ नाही," राव म्हणाले. "च पर्यंतच आहे. सहा पोटकलमं."

"सात आहेत काका." तिने खिशातून नियमांची पुस्तिका काढली. "हे बघा, छ. 'ज्या प्रवाशास दुखण्यामुळे चालण्यापेक्षा सायकल सोयीची, त्याची सायकल ही सायकल न गणता चालण्याचे साधन गणावे. डॉक्टरची चिठ्ठी असावी व प्रवासी स्वतः हजर असावा.'"

छ त्यांचं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी शाखेच्या मोठ्या बाईंनी ते मसुद्यात घुसवलं होतं. राव तेव्हा हमरीतुमरीवर आले होते. त्यांनी दोन पानी टिपण लिहिलं होतं की इतक्या मेहनतीने बांधलेल्या भिंतीला यामुळे खिडकी पडेल. मोठ्या बाईंनी समासात दोनच शब्द लिहून टिपण परत पाठवलं होतं. 'पडू द्या.' त्या दिवसापासून राव नियम वाचताना च पाशीच थांबत. काच पुसतानासुद्धा खालची दोन बोटं जागा सोडत.

"तुम्ही माझी घंटी काढलीत, मी तुमचं छ काढलं," तपासनीस बाई म्हणाली. "फिटंफाट."

संध्याकाळी ताईला फोन करणं हे टाकीच्या चढापेक्षा अवघड होतं. जिच्यासाठी सायकल पोचवायची, तिलाच दुखऱ्या गुडघ्याने तासाभराचा प्रवास करून न्यायला बोलवायची. रावांनी ते तीन वाक्यांत सांगायचं ठरवलं होतं. पहिल्याच वाक्यात पाच पोटकलमं झाली.

"म्हणजे मी यायचं," ताई म्हणाली.

"हो. म्हणजे नाही जमलं तर..."

"न जमायला काय झालं? अरे, बाहेर पडायला मला निमित्तच हवं होतं. तुम्ही कोणी बोलवत नाही."

ती पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने आली. डॉक्टरची चिठ्ठी तिने पिशवीत नव्हे, पदराला टाचणीने लावून आणली होती. जेवण झालं. सायकलवाल्याने सगळं पुन्हा जोडून दाराशी उभं केलं होतं. कापड गेलं, कागद गेले, पण मागच्या चाकाच्या तारांवरचा पिवळा रंग काही निघाला नव्हता.

"हे काय लावलंय?" ताईने विचारलं.

"सूर्य," राव म्हणाले.

"बरं." तिला फार खुलासे कधी लागत नसत. तिने हँडल धरलं. "आणि घंटी कुठाय रे?"

घंटी रावांच्या खिशात होती. आठवडाभर त्यांनी ती घासून लख्ख केली होती. स्टेशनात, गाडी येण्याआधी, आपल्या हाताने ती बसवायची आणि तेव्हा चार शब्द बोलायचे, असा त्यांचा बेत होता. शब्दही जुळवले होते. दोन दिवसांसाठी नेली आणि एकतीस वर्षं परत केली नाही, याबद्दल काहीतरी. मसुदा चांगला झाला होता.

"देतो ना, स्टेशनात," ते म्हणाले.

ताई सायकलवर बसली. पासष्ट वर्षांची बाई, एकदा डुगडुगली, मग सावरली आणि निघाली. चालताना लंगडणारा गुडघा पायडलवर कसा गोल फिरू लागला. राव मागून चालत होते, मग भराभर चालत होते, मग पळत होते. पाठमोरी ताई तशीच दिसत होती, फक्त कॅरिअर रिकामं होतं.

"मी येऊ का गं तुझ्याबरोबर घरापर्यंत?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"कशाला? तिकडे उतरल्यावर मी सायकलवर असणार. तू काय असाच मागून पळणार?"

स्टेशनात तपासनीस बाई हजर होती. तिने चिठ्ठी वाचली, पदराला पुन्हा टाचून दिली, सायकलला हात लावून ताईला म्हणाली, "चला मावशी, तुमचं साधन घेऊन." 'सायकल' म्हणाली नाही. मग दोघींची गट्टी जमली. टेलिफोन कचेरीत कसे एका वेळी सहा जणांचे आवाज कानात असायचे, ते ताई सांगू लागली. तपासनीस बाई खळखळून हसत होती. राव शेजारी खिशात हात घालून उभे होते, बोलायला फट मिळण्याची वाट बघत. पहिला शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. दोन्ही वेळा तो खोकला समजला गेला.

आणि गाडी आली. ती तिथे एकच मिनिट थांबते. बाईने सायकल उचलून सामानाच्या डब्यात चढवली, ताईला हात दिला. लोक चढले, लोक उतरले, कोणीतरी मध्ये आलं, आणि राव दारापाशी पोचले तेव्हा गाडी हलली होती.

"अरे, घंटी," ताई दारातून म्हणाली.

रावांनी घंटी बाहेर काढली. चार पावलं पळालेसुद्धा. पाचव्या पावलाला पोट आडवं आलं. हात लांब केला, तिनेही केला, मध्ये वीतभर अंतर राहिलं, मग हातभर, मग डबाभर. चार शब्दांचा तो मसुदा तसाच तोंडात राहिला.

"काका," मागून तपासनीस बाई हळूच म्हणाली, "फलाटावर सायकल आणता येत नाही."

रावांनी हातातल्या घंटीकडे बघितलं. "ठाऊक आहे," ते म्हणाले.

फलाट संपल्यावर रूळ डावीकडे वळतात. गाडीचं तोंड वळायला लागलं. ताई अजून दारात उभी होती, एक हात सायकलवर. रावांनी घंटी डोक्याच्या वर धरली आणि अंगठा दाबला.

टिंग, टिंग.

दारातली ती आकृती आत सरकली आणि तिने दांडा घट्ट धरला. एवढ्या लांबूनही ते दिसलं.

तपासनीस बाईने पुस्तिका काढली, सत्तेचाळीस उघडला आणि क पासून छ पर्यंत बोट फिरवलं. आणणं होतं, नेणं होतं, लपवणं होतं, गुंडाळणं होतं. "वाजवण्याबद्दल काहीच नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

"राहून गेलं," राव म्हणाले. आणि फट सापडूनही त्यांनी पेन काढलं नाही.

घरी येऊन ते फोनजवळच्या खुर्चीत बसले. बायकोने चहा आणून ठेवला. तो निवून गेल्यावर दुसरा आणून ठेवला. तासाभराने फोन वाजला, तो त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला. जुळवलेले चार शब्द अजून तोंडातच होते, आणि आता मध्ये ना गाडी होती, ना कोणी बोलणारं.

"ताई," ते म्हणाले, "त्या सायकलचं मला तुला..."

"टिंग," ताई तोंडानेच म्हणाली. एकदाच. आणि तिने फोन ठेवला.